२०२४ ची आवडती पॉप-डान्स गाणी एका तासाच्या मिक्समध्ये बसवताना : कामाच्या नोंदी

१० नोव्हेंबर, रविवार

दरवर्षी डिसेंबरात मी वर्षभरातल्या आवडत्या गाण्यांची यादी काढतो आणि चार मित्रांना पाठवतो, त्यातले दोघं अंगठा देतात, की संपला विषय. यंदा सोसायटीच्या थर्टीफर्स्टला गच्चीवरच्या म्युझिकची जबाबदारी माझ्या गळ्यात आली (मीटिंगला उशिरा गेलं की असं होतं). मग म्हटलं यादीच एका तासाच्या मिक्समध्ये बसवू, मध्ये न थांबता, एका गाण्यातून दुसऱ्यात. मी डीजे वगैरे अजिबात नाही. डोंबिवलीहून सकाळची फास्ट लोकल पकडून दरवाजाजवळ कानात इअरफोन घालून उभा राहणाऱ्यांपैकी एक. कुणाला घरी असंच काही करायचं असेल तर माझे घोळ तरी वाचतील, म्हणून लिहून ठेवतोय.

आज यादी काढली. ४७ गाणी झाली. नियम एकच, गाणं सुटं म्हणून २०२४ मध्येच आलेलं पाहिजे. लगेच पहिलं भांडण. दुआ लिपाचं 'हुडिनी' नोव्हेंबर २०२३ मध्ये आलं पण अल्बम आला मे २०२४ मध्ये. भाची म्हणते, "मामा, अल्बम यंदाचा म्हणजे गाणं यंदाचं." मी म्हटलं नाही, ते मागच्या थर्टीफर्स्टला वाजवून झालंय. बाहेर. त्याच अल्बममधली 'ट्रेनिंग सीझन' आणि 'इल्युजन' दोन्ही यंदाची आहेत, ती राहिली.

परवाच ग्रॅमीची नामांकनं आली, डान्स पॉपच्या पाचांमध्ये चार्ली एक्ससीएक्सचं 'व्हॉन डच' आणि आरियाना ग्रांडेचं 'यस, अँड?' दोन्ही आहेत, ती माझ्याकडे आधीपासून होती हे बायकोला दोनदा सांगून झालं.

१७ नोव्हेंबर, रविवार

सामान. लॅपटॉप घरचा, सात वर्षं जुना. डीजे सॉफ्टवेअर फुकटचं घेतलं, मिक्स नावाचं, स्पेलिंगमध्ये शेवटी तीन एक्स येतात, ओपन सोर्स आहे आणि माझ्यासारख्याला पुरून उरतं. काटछाट करायला ऑडॅसिटी, तेही फुकट. दोन डेकचा (एक डेक म्हणजे एक गाणं वाजवायची जागा) छोटा कंट्रोलर सेकंडहँड, ८,५०० ला, एका फेडरवरचं (वर-खाली सरकवायच्या खुंटीवरचं) टोपण गायब. कंट्रोलर नसला तरी कीबोर्डवर चालतं, पण दोन्ही हात दोन गाण्यांवर ठेवता आले की निम्मी भीती जाते.

पहिला दणका इथेच बसला. मी समजत होतो स्ट्रीमिंग ॲपमध्ये डाउनलोड केलेली गाणी सॉफ्टवेअरमध्ये ओढली की झालं. नाही होत. त्या फाइली कुलूपबंद असतात, त्याच ॲपमध्ये वाजतात. फाइल हवी तर विकतच घ्यायची. आधी ४७ घेणार होतो, मग अक्कल आली की आधी गाळायची आणि मग घ्यायची. एक अख्खी संध्याकाळ हे शोधण्यात गेली.

त्यात भर म्हणून दिवसभर खाली रस्त्यावर निवडणूक प्रचाराच्या रिक्षा. प्रत्येक रिक्षात एकच गाणं, त्याच्यावर उमेदवाराचं नाव चिकटवलेलं. बीट मात्र पक्का होता, टॅप करून बघितला.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. सकाळी रांगेत उभं राहून मत देऊन आलो आणि शाईचं बोट घेऊन दिवसभर बीपीएम मोजत बसलो. बीपीएम म्हणजे एका मिनिटात किती ठोके. सॉफ्टवेअर आपोआप काढतं, पण कुठल्याही सॉफ्टवेअरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, फास्ट गाण्याचा आकडा निम्मा आणि संथ गाण्याचा दुप्पट दाखवणं हा नेहमीचा गोंधळ आहे. १४९ चं गाणं ७४.५ म्हणून नोंदवलं गेलं तर यादीत ते संथ गाण्यांच्या पंगतीत जाऊन बसतं. मी पहिल्या तासात हे तपासलंच नाही आणि क्रम लावत सुटलो. सगळा क्रम परत लावला. आता प्रत्येक गाण्यावर पायाने ठेका धरून घड्याळात १५ सेकंद मोजतो आणि चारने गुणतो, आकडा साधारण जुळला की पुढे.

जे निघालं ते असं: सब्रिना कार्पेंटरचं 'एस्प्रेसो' १०४, बिली आयलिशचं 'बर्ड्स ऑफ अ फेदर' १०५, बियॉन्सेचं 'टेक्सस होल्डेम' ११०, आरियानाचं 'वी कान्ट बी फ्रेंड्स' ११६, चॅपेल रोनचं 'गुड लक, बेब!' ११७, 'इल्युजन' ११८, 'यस, अँड?' ११९, चार्लीचं '३६०' १२०, 'ट्रेनिंग सीझन' १२३, चार्लीचीच 'व्हॉन डच' आणि 'गेस' दोन्ही १३०, रोझे आणि ब्रुनो मार्सचं 'ए.पी.टी.' १४९.

हे आकडे एकाखाली एक लिहिले आणि जरा वेळ बघतच बसलो. ११६, ११७, ११८, ११९, १२० असा जिनाच तयार. वर्षभर ही गाणी वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या मूडमध्ये ऐकली होती, ती अशी शेजारी-शेजारी राहतात हे कधी कळलंच नव्हतं.

अडचण जिन्याच्या दोन टोकांना. १०५ वरून ११६ आणि १२३ वरून १३०.

२३ नोव्हेंबर, शनिवार

सगळे टीव्हीवर निकाल बघत होते, मी आत गाळणी लावून बसलो. ४७ ची २१ केली. खूप वाईट वाटलं.

लेडी गागा आणि ब्रुनो मार्सचं 'डाय विथ अ स्माइल' गेलं. ट्रेनमध्ये मी ते महिनाभर रोज ऐकलंय. पण त्याची चाल सहाची आहे, आपल्या दादऱ्यासारखी, आणि आजूबाजूचं सगळं चारच्या ठेक्यात. गच्चीवर जोड्या हळूहळू डोलणार असतील तर ठीक, आमच्याकडे काका लोक डोलत नाहीत, एक तर नाचतात नाही तर खुर्चीवर बसतात. हनुमानकाइंड आणि कल्मीचं 'बिग डॉग्स' पण गेलं. गाणं जबरदस्त, मौत का कुआंवाला व्हिडिओ तर किती वेळा बघितला असेन, पण ते ऐकून मान हलते, पाय नाही. जस्टिसचं टेम इम्पालाबरोबरचं 'नेव्हरएंडर' तीनदा काढलं आणि तीनदा परत घातलं, शेवटी राहिलं.

यादी करताना मी "मला किती आवडतं" यावर नंबर दिले होते. आता शेजारचं गाणं बघून निर्णय होतायत. माझ्या यादीतलं ९ नंबरचं गाणं बाहेर आणि २६ नंबरचं 'टेक्सस होल्डेम' आत, कारण ते ११० वर आहे आणि तिथे मला दुसरं कुणीच नाही. फेब्रुवारीत ते आलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं, बँजो काय, कंट्री काय. आता पूल म्हणून त्याच्याच पाया पडतोय.

२१ गाण्यांच्या फाइली विकत घेतल्या, सगळं मिळून साडेतीनशेच्या आसपास. हा या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त खर्च निघाला.

२४ नोव्हेंबर, रविवार

पहिला प्रयत्न. फसला.

१०५ वरून थेट ११६ वर उडी मारली. म्हणजे पहिल्या गाण्याचा वेग दहा टक्क्यांच्या वर वाढवायचा. सूर तोच ठेवायचं बटण असतं, ते दाबलं, तर बिली आयलिशचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. न दाबता केलं तर कार्टून. माझ्या कानाला सहा टक्क्यांपर्यंत चालतं, त्यापुढे गाणं आजारी वाटतं.

पूल असा बांधला: 'बर्ड्स' संपता-संपता १०७ वर नेलं, 'टेक्सस होल्डेम' ११० वरून १०७ वर खाली आणलं, दोघं १०७ वर भेटले, म्हणजे कुणालाच तीन टक्क्यांच्या वर ओढावं लागलं नाही. मग 'टेक्सस' एकटं वाजत असताना वेगाचा फेडर इतका हळू वर नेला की मलाच कळलं नाही, ११० च्या पुढे ११३ पर्यंत, आणि तिथे 'वी कान्ट बी फ्रेंड्स' ११६ वरून खाली येऊन भेटलं. दोघांनी निम्मं-निम्मं अंतर चालायचं. हे जमलं तेव्हा रात्रीचे पावणेदोन. हेडफोन काढले तर बायको दारात, "तू दोन तास एकच गाणं ऐकतोयस का?" एकच नाही, दोन गाण्यांच्या मधले वीस सेकंद ऐकतोय, पण हे समजावणार कसं.

३० नोव्हेंबर, शनिवार

काम शून्य. मुंबईत बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) एमएमआरडीए ग्राउंडवर दुआ लिपाची कॉन्सर्ट, भाचीला घेऊन गेलो. तिकिटाचे पैसे या प्रोजेक्टच्या खर्चात धरत नाही, ते आयुष्याच्या खर्चात.

'लेव्हिटेटिंग'च्या मध्ये अचानक 'बादशाह'मधलं 'वो लड़की जो सबसे अलग है' वाजलं. १९९९ चं गाणं, अनू मलिकचं संगीत, अभिजीतचा आवाज, आणि समोर दुआ लिपा त्यावर नाचतेय. हे मॅशअप आधीपासून रील्सवर फिरत होतं, ते तिने स्टेजवर आणलं. माझ्या बाजूला विशीतली पोरं हिंदी ओळी ओरडत होती आणि मी दोन्ही ओरडत होतो. घसा गेला.

परत येताना कुर्ल्याला गाडीत चढल्या-चढल्या भाची म्हणाली, "मामा, हे पाहिजेच आपल्या मिक्समध्ये." मी म्हटलं नियम. 'लेव्हिटेटिंग' २०२० चं. ती ठाण्यापर्यंत बोलली नाही.

१ डिसेंबर, रविवार

ठाण्यापर्यंतची ती शांतता सहन झाली नाही म्हणून मॅशअप घरी करून बघितलं. नियम मोडून, आणि मेहनत फुकट घालवून. दोन डेकवर दोन गाणी, वेग जवळजवळ सारखा ('लेव्हिटेटिंग' १०३ आहे), ठोके जुळले, पण दोन्हीकडे गायक गातायत, दोन्हीकडे बास आहे, मासळी बाजार झाला. लोकांनी केलेल्या मॅशअपमध्ये एका गाण्याचा आवाज वेगळा काढून दुसऱ्याच्या वाद्यांवर ठेवलेला असतो. ते वेगळं काढायचे मार्ग आहेत, पण माझ्या लॅपटॉपचा पंखा विमानासारखा आवाज करायला लागला आणि जे बाहेर आलं त्यात अभिजीत पाण्याखालून गात होता. साडेतीन तास गेले. सोडून दिलं. भाचीला ऐकवलं, ती हसली, एवढाच फायदा.

एक मात्र शिकलो आणि ते पुढे सगळीकडे वापरलं: गाण्यावर गाणं जाऊ शकतं, गायकावर गायक नाही. आणि दोन बास एकाच वेळी कधीच नाही. नवीन गाणं आत येताना त्याचा बास पूर्ण खाली, मग ज्या ठोक्यावर ते हातात घ्यायचं त्याच ठोक्याला जुन्याचा बास खाली आणि नव्याचा वर. हे केल्यावर माझी अर्धी जोडणी अचानक शहाण्यासारखी वाटायला लागली.

५ डिसेंबर, गुरुवार

ऑफिसवरून आल्यावर ब्लूटूथ हेडफोन लावून दीड तास प्रॅक्टिस. प्रत्येक जोड थोडा मागे. वाटलं आपला हात बसत नाहीये. मग कळलं, ब्लूटूथमुळे आवाज कानापर्यंत उशिरा येतो, मी बटण दाबतो तेव्हा जे ऐकतोय ते आधीच होऊन गेलेलं असतं. वायरचे हेडफोन लावले, पाच मिनिटांत जमलं. मिक्सिंगला ब्लूटूथ नको, ना ब्लूटूथचे हेडफोन ना ब्लूटूथचा स्पीकर.

८ डिसेंबर, रविवार

'३६०' हे गाणं फक्त २ मिनिटं १३ सेकंदांचं आहे. 'व्हॉन डच' २:४४. 'एस्प्रेसो' २:५५. ट्रेनमध्ये हे कधी खुपलं नाही, उलट दिवा स्टेशनपर्यंत दोन गाणी होतात याचा आनंद. पण डेकवर उभं राहिलं की २:१३ म्हणजे गाणं सुरू केलं, पुढचं शोधलं, पाणी प्यायलो, संपलं. जुन्या डान्स रेकॉर्डांना पुढे-मागे नुसत्या ठेक्याची मोकळी जागा असायची, ती डीजेसाठीच ठेवलेली. आताची पॉप गाणी पहिल्या सेकंदाला दार उघडून थेट हॉलमध्ये येतात. पकडायला जागाच नाही.

उपाय दोन. एक, सॉफ्टवेअरमध्ये लूप. गाण्यात जिथे कुणी गात नाही असे चार-आठ ठोके शोधायचे आणि तेच फिरवत ठेवायचे, तेवढ्यात पुढचं आत घ्यायचं. दोन, ऑडॅसिटीत आधीच गाण्याच्या सुरुवातीला त्याच गाण्याचे सोळा ठोके कापून चिकटवायचे. मी आठ गाण्यांना हे केलं. प्रत्येकाला साधारण चाळीस मिनिटं, आणि कापताना स्क्रीनवरची आवाजाची लाट शून्यावर असतानाच कापायचं, नाही तर प्रत्येक फेरीला 'टक्' असा आवाज येतो. पहिली तीन मी 'टक्'सकट केली आणि परत केली.

'३६०' ला ते दोन-तीन टोचणारे सूर सुरुवातीपासून आहेत ना, त्यांचाच लूप केला, आणि 'यस, अँड?' त्यात मिसळून जातं. हा माझ्या सगळ्या मिक्समधला सगळ्यात आवडता जोड. त्या दोन गाण्यांची ओळख करून दिल्यासारखं वाटतं. आरियानाचं जानेवारीतलं, चार्लीचं मे-जूनमधलं, आणि जून म्हटलं की तो पोपटी हिरवा 'ब्रॅट'. त्या अल्बमवरून कॉलिन्स डिक्शनरीने 'ब्रॅट' हा वर्षाचा शब्द ठरवला हे मी काकांना सांगितलं तर ते म्हणाले, आमच्या वेळी मुलांना कार्टं म्हणायचे.

११ डिसेंबर, बुधवार

माझं यंदाचं एक नंबरचं गाणं 'गुड लक, बेब!'. एप्रिलमध्ये आलं तेव्हापासून ती जागा हललेली नाही. चॅपेल रोन मधल्या भागात आवाज वर-वर नेते आणि मग सगळं कोसळतं, तेव्हा ट्रेनमध्ये सुद्धा मला दोन सेकंद डोळे मिटावे लागतात (मुंब्र्याच्या आसपास, खिसा सांभाळून).

आणि त्याच गाण्याने सगळ्यात जास्त रडवलं. 'इल्युजन' ११८, हे ११७, अंतर एकाच ठोक्याचं. म्हटलं सगळ्यात सोपा जोड, शेवटी करू. आज केला तर शेवटच्या वीस सेकंदांत घोडे उधळल्यासारखा आवाज. परत. परत तेच. ग्रिड (सॉफ्टवेअरने गाण्यावर आखलेल्या ठोक्यांच्या रेघा) तपासलं, वेग तपासला, लॅपटॉप रीस्टार्ट केला. तास गेला. मग गाणं एकटं शेवटपर्यंत ऐकलं, हो, अख्खं, जे मी दोनशे वेळा ऐकलंय, आणि लक्षात आलं की शेवटी ते मुद्दाम हळू होत जातं. टेपरेकॉर्डरचे सेल उतरल्यासारखं. सॉफ्टवेअर ११७ च धरून बसलेलं आणि गाणं तिथून कधीच निघून गेलेलं.

दोनशे वेळा ऐकलेल्या गाण्याचा शेवट मला माहीत नव्हता, कारण कानात असताना मी तोपर्यंत पुढचं गाणं लावलेलं असतं.

उपाय म्हणून शेवटच्या कोरसनंतर लगेच बाहेर पडायचं ठरवलं. जोड सुंदर झाला. पण एक नंबरच्या गाण्याचा शेवट कापला हे रात्री झोपताना टोचत राहिलं.

१५-१६ डिसेंबर

रविवारी '१२३ ते १३०' चा पूल केला, 'ट्रेनिंग सीझन' आणि 'व्हॉन डच', दोघं १२६ च्या आसपास भेटतात, वरचीच युक्ती, जास्त लिहीत नाही.

सोमवारी काही केलं नाही. सकाळी उस्ताद झाकीर हुसेन गेल्याची बातमी. आठवडाभर मी 'ठेका, ठेका' करत बसलोय आणि ज्यांच्यामुळे आमच्या घरात ठेका म्हणजे काय हे पोरांना कळलं ते गेले. संध्याकाळी वडिलांनी जुनी कॅसेट काढली. लॅपटॉप बंदच ठेवला.

१८-२० डिसेंबर

बुधवारी कमिटीची मीटिंग. मिक्सचा पहिला अर्धा तास मोबाइलवर ऐकवला. शांतता. मग सेक्रेटरी म्हणाले, "छान आहे, पण आपलं काय?" काकू म्हणाल्या, "अहो, गुलाबी साडी नाही?"

खरं सांगायचं तर 'गुलाबी साडी' माझ्या ४७ मध्ये होतं. फेब्रुवारीत आलं, जळगावकडच्या संजू राठोडचं, आणि वर्षभर कुठली हळद, कुठलं गॅदरिंग त्याच्याशिवाय झालं असेल असं वाटत नाही. मी ते २१ करताना काढलं कारण जिन्यात बसेना, आणि दुसरं कारण लिहायला लाज वाटते, मिक्स जरा 'इंटरनॅशनल' दिसावं म्हणून. काकूंनी पकडलं. 'तौबा तौबा' आणि 'आज की रात' पण मागणीत आली. करण औजलाचं 'तौबा तौबा' मला स्वतःला आवडतं, 'आज की रात' नाही, पण मत एकाविरुद्ध चौदा. जागा करायला तीन गाणी गेली, 'नेव्हरएंडर' चौथ्यांदा आणि कायमचं.

आता ही बसवायची कशी? वेग वेगळा, ठेक्याचा झोल वेगळा, ओढून-ताणून चार-चार ठोके जुळवले तर ढोलकीचा सगळा लचका मरतो. दोन रात्री जुळवायचा प्रयत्न केला. भाचीने प्रश्न सोडवला, "मामा, जोडतोस कशाला? थांबव ना." म्हणजे 'गेस' ला एको लावून हवेत विरू द्यायचं, दोन सेकंद पूर्ण शांतता, आणि मग 'गुलाबी साडी' पहिल्या ठोक्यापासून. आठवडाभर मी शांततेला घाबरत होतो.

'ए.पी.टी.' ला पण तीच शांतता वापरली. १३० वरून १४९ कुठल्याच पुलाने जाता येत नाही, पण ते गाणं कोरियन पोरांच्या पार्टीतल्या खेळाच्या घोषणेने सुरू होतं, त्यामुळे शांतता, घोषणा, गाणं. नाव लिहायचं ए.पी.टी., म्हणायचं 'आपाट', म्हणजे त्यांच्या बोलीत अपार्टमेंट. फ्लॅटवाल्यांच्या गच्चीवर याहून योग्य गाणं नाही.

२७ डिसेंबर, शुक्रवार

डॉ. मनमोहन सिंग गेले, सात दिवसांचा दुखवटा. ग्रुपवर चर्चा, करायचं की नाही. शेवटी ठरलं, फटाके नाहीत, आवाज बेताचा, बाराला बंद म्हणजे बंद. मला तेच बरं.

२९ डिसेंबर, रविवार

साऊंडवाल्याकडे जाऊन ट्रायल. दोन टॉप आणि एक बास असे स्पीकर, छोटा मिक्सर, एक माइक, थर्टीफर्स्टचा रेट ४,००० (एरवी २,५०० ला देतो म्हणे). लॅपटॉप जोडला आणि घूंऽऽऽ. गाणं नाही, नुसतं घूं. केबल बदलली, पी-३८ (जाड पिन) बदलला, मिक्सरचं चॅनल बदललं. पाऊण तास. दुकानातल्या पोऱ्याने येऊन लॅपटॉपचा चार्जर काढला, घूं बंद. "दादा, बॅटरीवर चालवा." माझी बॅटरी ५० मिनिटं टिकते, मिक्स ६३ मिनिटांचं.

त्यामुळे प्लॅन बदलला. घरी येऊन सगळं मिक्स एकदाच रेकॉर्ड करून ठेवलं. तिसऱ्या टेकला जमलं, पहिल्यात माझी कोपरखळी फेडरला लागली, दुसऱ्यात कुरिअरवाल्याची बेल आणि मी सवयीने उठलो. रेकॉर्ड करताना आवाजाचा लाल दिवा लागू द्यायचा नाही, मी सगळ्या गाण्यांची पातळी आधी सारखी केली नव्हती, 'बर्ड्स' मऊ आणि 'व्हॉन डच' कानफटात, ते ऑडॅसिटीत नंतर ठीक करावं लागलं. फाइल फोनमध्ये. फोनमधून मिक्सरला जायला नवी ईपी केबल (हेडफोनच्या पिनची), १८० रुपये.

म्हणजे ८,५०० चा कंट्रोलर गच्चीवर जाणारच नाही.

१ जानेवारी २०२५, बुधवार

काल पावणेदहाला सुरू केलं. सुरुवातीला कुणीच उठलं नाही, 'एस्प्रेसो' सगळ्यांच्या खुर्च्यांवरून गेलं. माझ्या पोटात गोळा. मला वाटलं होतं १०४ ने सुरुवात म्हणजे हळूहळू तापेल, पण थंडीत बसलेल्या माणसांना १०४ म्हणजे जेवणाचं म्युझिक. मिक्स कापून थेट पुढे जावं का या विचारात असतानाच टेस्टिंगचा माइक काकांच्या हातात गेला. त्यांना इंग्रजी गाणं माहीत नव्हतं, पण ठेका ओळखीचा वाटला असणार, त्यांनी सरळ 'वो लड़की जो सबसे अलग है' सुरू केलं. सब्रिना कार्पेंटरवर. आणि बसलं! १०३ आणि १०४, बसणारच होतं. मी साडेतीन तास घालवून जे केलं नव्हतं ते काकांनी हातात भज्याची प्लेट धरून केलं. भाची माझ्याकडे बघून फक्त भुवया उडवत होती. तिथून सगळे उठले.

जिन्याचा भाग मस्त गेला, कुणाला एकही जोड कळला नाही (मला सगळे कळले). '३६०' वर पोरं, 'टेक्सस' वर, काय सांगू, आजीबाई टाळ्या वाजवत होत्या. दोन सेकंदांची शांतता आली तेव्हा एक जण ओरडला "लाइट गेली काय," आणि 'गुलाबी साडी'चा पहिला ठोका पडला. पुढचं लिहायला नको. ते तीनदा वाजवावं लागलं, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या मिक्सचं काय झालं ते समजून घ्या.

पावणेबाराला सगळं संपलं, वेळ उरला, मी फोनवर 'गुड लक, बेब!' लावलं, न कापलेलं, अख्खं. नाचायला कुणी नव्हतं, सगळे केकजवळ. शेवटी हळू होत-होत ते थांबलं तेव्हा बरोब्बर बाराला पाच कमी होते.

खर्च: कंट्रोलर ८,५००, गाण्यांच्या फाइली ३५०, केबल १८०, साऊंड ४,००० (तो सोसायटीने दिला). वेळ साधारण सत्तर तास, त्यातले निम्मे माझ्या चुकांचे. परत केलं तर १०४ ने सुरुवात करणार नाही, चार्जरचा प्रश्न आधी सोडवीन, आणि गच्चीवर मिक्स हातानेच वाजवीन, कारण रेकॉर्ड केलेलं काकांचं ऐकत नाही.

सकाळी साऊंडवाल्याचा पोऱ्या सामान न्यायला आला. वायर गुंडाळता-गुंडाळता म्हणाला, "दादा, ते शेवटचं इंग्लिश, सेल उतरल्यासारखं होत होतं ते, आमच्या मशीनमध्ये बिघाड नव्हता ना?" नाही म्हटलं, ते तसंच आहे. मग नाव विचारलं, मी त्याच्या फोनवर शोधून दिलं, त्याने तिथेच कठड्याला टेकून पूर्ण ऐकलं. गेल्यावर लक्षात आलं, नवी ईपी केबल त्याच्याच पिशवीत गेली.